अमायलेज, लायपेज आणि मुदत ठेव
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत आकडे तपासण्यात गेलं, त्यामुळे लॅबचा रिपोर्ट हातात आला की पासबुकासारखा वाचायची खोड आहे. आज त्यातल्या दोनच ओळींबद्दल बोलतो.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून स्वादुपिंड असतं. इन्सुलिन तेच बनवतं, हे आपल्यातल्या मधुमेहवाल्यांना सांगायला नको. पण ते पाचकरसही बनवतं. त्यातलं अमायलेज पिठूळ पदार्थ पचवतं, लायपेज तेल-तूप पचवतं. अमायलेज लाळेतही असतं. भाकरीचा घास चावत राहिलं की गोड लागतो, तो त्यामुळेच. स्वादुपिंडाला अचानक सूज आली की हे रस रक्तात उतरतात आणि सुईच्या टोकावर सापडतात. अमेरिकेत सेंट लुईसच्या डॉ. रॉबर्ट एल्मन आणि सहकाऱ्यांनी रक्तातल्या अमायलेजचा हा उपयोग १९२९ साली दाखवून दिला.

आता मेहुण्याची गोष्ट. अलिबागला असतो. वरच्या पोटात दुखायला लागलं, ते पाठीत जात होतं, उलट्या होत होत्या. घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला, "गॅस आहे" म्हणाले. दुखणं कमी-जास्त होत राहिलं आणि सहाव्या दिवशी स्वारी पनवेलला आमच्याकडे आली. तपासणीत अमायलेज जवळजवळ नॉर्मल! सगळे खूश. पण डॉक्टरांनी लायपेजही मागवलं होतं, ते मर्यादेच्या पाचपट निघालं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले.

असं का झालं? अमायलेज म्हणजे चालू खातं. काही तासांत चढतं आणि तीन ते पाच दिवसांत उतरतं. लायपेज म्हणजे मुदत ठेव, आठवडा-दोन आठवडे वर राहू शकतं. म्हणून दुखणं कधी सुरू झालं, तो वार आणि वेळ डॉक्टरांना सांगायची. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असले तरी अमायलेज खोटंच नॉर्मल दिसू शकतं. उलट गालगुंड झाले किंवा मूत्रपिंड कमकुवत असलं, तर स्वादुपिंड ठणठणीत असूनही ते वाढतं.

डॉक्टर तीन गोष्टी बघतात: तशा प्रकारचं दुखणं, एन्झाइम वरच्या मर्यादेच्या निदान तिप्पट, आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमधला पुरावा. तिन्हींपैकी दोन जुळल्या की निदान पक्कं. मर्यादा प्रत्येक लॅबची वेगळी, तेव्हा शेजारच्या रकान्यात बघा. शेजाऱ्याच्या रिपोर्टशी तुलना नको. आणि आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असंही नसतं. माझं तीन हजार, तुझं नऊशे, ही चढाओढ वॉर्डात ऐकली आहे. तिला अर्थ नाही.

आपल्यापैकी काहीजण दरवर्षी "फुल बॉडी" पॅकेज घेतात आणि विचारतात, यात लायपेज टाकू का, कॅन्सर कळेल ना? गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा स्वादुपिंडाला सौम्य सूज असल्याच्या बातम्या होत्या. पुढे कर्करोग असल्याचं जाहीर झालं आणि १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. तेव्हापासून ही धास्ती सगळ्यांच्याच मनात आहे. पण हा कर्करोग असूनही ही दोन्ही एन्झाइम नॉर्मल असू शकतात. काहीही दुखत नसताना ती मोजून घेणं म्हणजे फुकटचा खर्च, वर खोटा दिलासा. विनाकारण वजन उतरणं, कावीळ, पाठीत जाणारं दुखणं, उतारवयात अचानक मधुमेह, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. कोणता स्कॅन करायचा, ते त्यांना ठरवू द्या.

वरच्या पोटात सणकून दुखलं तर ते हृदयाचंही असू शकतं, म्हणून ईसीजी आधी. रात्र असेल तर सकाळची वाट बघू नका. आपल्याकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएम आहे. आपल्या बिल्डिंगमध्ये जे एकटे राहतात, त्यांनी रात्री कुणाची बेल वाजवायची हे आजच ठरवून घ्या. तळमजल्यावर आमची आहे. वाजवा, मला तशीही झोप कमीच असते.

मेहुणा आता बरा आहे, पित्ताशय काढलंय. सोडाही बंद केलाय.