मातीचे मातीला



प्रदूषणावर शाळाशाळांतून निबंध लिहिले जातात, भित्तिपत्रके रंगतात, बक्षिसेही वाटली जातात. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण-शिक्षण अनिवार्य करण्याचा निर्देश दिला आणि हा विषय पाठ्यक्रमात आला. तथापि पाठ्यक्रमात येणे निराळे आणि मनात उतरणे निराळे. ‘नदी वाचवा’ ही घोषणा सुबक अक्षरांत लिहिणाऱ्या मुलाने नदीचे पाणी अनेकदा ओंजळीतही घेतलेले नसते.

१९९३ पासून देशपातळीवर भरू लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने वेगळा मार्ग दाखवला. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातील प्रश्न निवडावा, गटाने निरीक्षण करावे आणि निष्कर्ष मांडावा, ही तिची पद्धती. हाच मार्ग गणेशोत्सवापूर्वी कोणत्याही शाळेला अनुसरता येतो.

विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने दोन लहान मूर्ती घडवाव्यात. एक कच्च्या शाडूची, दुसरी प्लास्टर ऑफ पॅरिसची. दोन बादल्यांत त्या विसर्जित कराव्यात आणि तुलनेसाठी तिसऱ्या बादलीत नुसते पाणी ठेवावे. शाडूची मूर्ती लवकरच विरघळून मऊ गाळ होते. प्लास्टरची मूर्ती मात्र तशीच राहते. जिप्सम भाजून प्लास्टर बनते आणि पाणी मिळताच ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन ग्रॅम विरघळते. पण तेवढ्यानेही पाणी दुष्फेन होते. तिन्ही पाण्यांत साबण घुसळला की फेसातील फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो. त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही.

प्रामाणिक प्रयोग मात्र इथेच थांबत नाही. शाडूही नाहीसा होत नाही. तो तळाशी साचतो. महाराष्ट्रात शाडू मुख्यतः गुजरातमधून येतो. दूरची माती आणून दरवर्षी इथल्या जलाशयात लोटायची, तर हा गाळ जाणार कुठे? ‘तीच माती वाळवून पुढच्या वर्षी वापरली तर?’ हा प्रश्न बादलीशी बसलेल्या मुलालाच सुचतो. भित्तिपत्रक रंगवणाऱ्याला तो सहसा सुचत नाही.

खरी कसोटी पुढे आहे. हा विद्यार्थी घरी जातो, तेव्हा वडिलांनी चकचकीत प्लास्टरची मूर्ती आधीच ठरवलेली असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा मूर्तींना मनाई केली होती, हे वडिलांना कदाचित ठाऊकही असते. ‘तुला काय कळते?’ असे म्हणून मुलाला गप्प केले, तर शाळेतील प्रकल्प केवळ गुणांसाठी होता हा धडा तो जन्मभर विसरत नाही. उलट वडील त्याच्यासोबत बादलीशी बसले, तर त्या घरात पर्यावरण-शिक्षण सुरू झाले असे समजावे.

भाद्रपद चतुर्थीच्या पूजेला परंपरेने ‘पार्थिव गणेशपूजन’ म्हटले आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीपासून झालेले. मातीतून घडवायचे, भक्तिभावाने पूजायचे आणि मातीचे मातीला परत करायचे, हा अर्थ त्या एका शब्दातच सामावलेला आहे. चिखलाने माखलेल्या हातांनी मुले तो अर्थ पुन्हा शोधत असतील, तर ते हात मोठ्यांनी धुऊन टाकण्याची घाई करू नये.