बोअरीतला नमुना आणि आपल्या झऱ्याची बाटली

(पाटण आणि शिराळा तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोठण्याच्या खोल बोअरीबद्दल वस्तीवस्तीवर चार प्रश्न कानावर येतात. तिथं सोनं शोधतायत का? तेल लागलं का? बोअर मारल्यानं भूकंप वाढणार का? आमचा झरा त्या बोअरीनं आटला का? उत्तर कोणी देत नाही, म्हणून अफवा पसरते. आम्ही जेवढं समजून घेतलं तेवढं आज सांगतो. मुद्दा एकच. आपल्या जमिनीच्या पोटातून जो नमुना वर निघतो, त्याचं उत्तर आपल्या गावाला परत आलं पाहिजे. आणि उत्तर कळायचं तर नमुना काढतात कसा, हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

आधी बोअर कशासाठी, ते बघू. कोयनेच्या धरणात 1960 नंतरच्या वर्षांत पाणी साठायला लागलं आणि हादरे सुरू झाले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं गेली. ती रात्र आपल्या म्हाताऱ्यांना अजून आठवते. पुढं 1985 पासून वारणेत, म्हणजे चांदोलीच्या धरणात पाणी साठलं, आणि 1993 च्या सुमाराला तिकडच्या अंगालाही जोराचे हादरे बसले. धरणातलं पाणी आणि भूकंप यांचा संबंध आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. त्यासाठी कोयनेचं उदाहरण जगभर दिलं जातं. पण आत खडकात नेमकं काय घडतं, ते वर बसून कळत नाही. म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं गोठणे इथं बोअर मारली. 2017 साली ती 3 किलोमीटर खोल गेली. कराडला या कामाची प्रयोगशाळा आहे. आपल्या शिवारातली बोअर तीन-चारशे फुटांची असते, ही जवळपास दहा हजार फुटांची. पहिला सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ, त्याच्या खाली ग्रॅनाइट. त्या ग्रॅनाइटातच भूकंपाचं मूळ आहे. सोन्यासाठी किंवा तेलासाठी ही बोअर नाही.

आता नमुन्याचं. बोअर मारताना पात्याला थंड ठेवायला आणि चुरा वर आणायला पातळ चिखल सतत आत सोडतात. तो फिरून वर येतो. खाली खडकाला भेग लागली की भेगेतला वायू या चिखलात मिसळतो. वर आल्यावर चिखलातून वायू वेगळा करतात, यंत्रावर मोजतात, आणि थोडा बंद नळीत भरून ठेवतात. गोठण्याला हे केलं. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, हायड्रोजन आणि हेलियम असे वायू मिळाले. हेलियम का बघतात? ग्रॅनाइटात युरेनियम, थोरियम अगदी थोडं असतं. ते लाखो वर्षं झिजतं आणि त्यातून हेलियम तयार होऊन खडकातच अडकून राहतो. खडक तडकला की तो सुटतो. म्हणजे हेलियम जास्त लागला की तिथं भेगा आहेत, हे कळतं.

पाण्याचा नमुना काढणं जास्त अवघड. बोअरीत उभं असलेलं पाणी खडकाचं आहे की आपणच ओतलेल्या चिखलाचं, हे कसं ओळखायचं? म्हणून काही ठिकाणी चिखलात आधीच खुणेचं द्रव्य घालतात. नमुन्यात ती खूण सापडली की समजायचं, हे खालचं शुद्ध पाणी नाही. दुसरा उपाय म्हणजे जुनं पाणी उपसायचं. उपसताना त्याची उष्णता, क्षार, आंबटपणा मोजत राहायचं. आकडे ठरले, बदलायचे थांबले, की मगच नमुना घ्यायचा. फार खोलातलं पाणी हवं असेल तर तारेला बांधून बंद भांडं खाली सोडतात. ठरलेल्या खोलीवर त्याची झडप उघडते, पाणी आत येतं, झडप बंद होते. मगच भांडं वर ओढतात. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर फुस्सकन वायू जातो ना, तसंच हे आहे. खालचा दाब सुटला की वायू पळून जातो, मग नमुना खोटा पडतो. भरलेल्या बाटलीवर ठिकाण, खोली, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव लिहितात. ज्या बाटलीवर हे नाही, तिच्या आकड्याला किंमत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मग भूकंप वाढणार का? हादरे बोअरीच्या पन्नास वर्षं आधीपासून आहेत. नुसत्या अरुंद भोकानं डोंगर हलत नाही. पण जोरानं पाणी आत दाबलं तर हादरे बसू शकतात. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात 2006 साली खोल खडकातल्या उष्णतेसाठी असं पाणी दाबलं, हादरे बसले आणि काम थांबवावं लागलं. म्हणून आपण विचारायचं ते नेमकं विचारायचं. बोअरीत दाबानं पाणी सोडलं का, सोडणार का, किती सोडणार, आणि त्या दिवशी गावाला कळवणार का?

भूकंपाची तारीख आधी कळेल का? नाही. कोयना-वारणा भागात 1995 नंतर खास 21 बोअरी मारून पाण्याची पातळी मोजत आलेत. पाण्याचे नमुनेही वर्षानुवर्षं तपासलेत. काही हादऱ्यांच्या वेळी पाण्यात फरक दिसला. तरी तारीख-वेळ सांगता येईल असं ज्ञान अजून जगात कोणाकडं नाही. तेव्हा कोणी तारीख सांगत आला तर घाबरून घरं सोडू नका. घराची भिंत मजबूत करा, तेच खरं.

आता झऱ्याचं. आपल्या झऱ्याला येतं ते वरच्या सड्यावरचं पावसाचं पाणी. जांभ्यात मुरतं, कातळाच्या दोन थरांमधनं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत फुटतं. खोल बोअरीला वरच्या भागात लोखंडी केसिंग घालून भोवती सिमेंट भरतात, म्हणजे वरचं आणि खालचं पाणी मिसळू नये. तरीही एखादा झरा आटला असेल तर? बोअरीनं आटला, पाऊस कमी झाला म्हणून आटला की वर रान तुटलं म्हणून आटला, हे कशावरनं ठरवणार? त्यांच्याकडं हजार बाटल्यांची नोंद आहे. आपल्याकडं झऱ्याची एक ओळ लिहिलेली नाही. उद्या आपण साहेबापुढं उभं राहिलो तर तो विचारणार, आधी किती पाणी होतं? आपण म्हणणार, लई होतं. त्यावर काय निकाल लागणार?

म्हणून मंडळी, आजपासून नोंद धरा. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, सकाळी, झऱ्यावर हंडा लावायचा आणि भरायला किती वेळ लागतो ते वहीत लिहायचं. हंडा तोच, जागा तीच. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याची बाटली भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यायची. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, वर चिठ्ठी लावायची. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेकडूनच आणायची, ती विसळायची नाही आणि त्याच दिवशी पोचवायची. जलजीवन योजनेत प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायचं शिकवायचं ठरलंय. आपल्या गावात त्या पाच कोण, किट कुठं आहे, हे ग्रामसभेत विचारा. कागद आला की दोन आकडे आधी बघा. लिटरला फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत आणि नायट्रेट 45 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं.

आणि हक्काचं. वनहक्क कायदा 2006, कलम 5. जंगलातले पाण्याचे स्रोत आणि पाणलोट राखायचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला आहे. आपले सामूहिक दावे पडून आहेत, त्यांत प्रत्येक झऱ्याचं, पाणवठ्याचं नाव घाला. नकाशावर खूण करा. दुसरा माहिती अधिकार कायदा 2005. त्यातल्या कलम 2 मध्ये नुसती कागदाची नक्कल नाही, सरकारी कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क लिहिलाय. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. लिहिता येत नसेल तर तिथल्या माहिती अधिकाऱ्यानं लिहून द्यायला मदत करायची आहे. उत्तराला मुदत 30 दिवस.

या बोअरीच्या जवळपासच्या प्रत्येक ग्रामसभेनं एकच ठराव करावा, असं आमचं म्हणणं आहे. आमच्या हद्दीतून कोणकोणते नमुने, कधी, किती खोलीवरून घेतले, त्यांत काय सापडलं, हे मराठीत लिहून द्या आणि वर्षातून एकदा गावात येऊन समजावून सांगा. आम्ही शास्त्राच्या आड येत नाही. 1967 साली मेली ती आपली माणसं होती, तेव्हा हे शास्त्र आपल्यासाठी दुप्पट गरजेचं आहे. पण धरणाच्या वेळी आपल्याला न विचारता पाणी आलं. या वेळी निदान पाण्याचा हिशेब तरी आपल्याला मिळाला पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वस्तीनं आपल्या झऱ्याची पहिली नोंद आणावी. वही नसेल तर संघटनेकडून घ्या.

जोहार. जिंदाबाद.