चव कोणाची, मालकी कोणाची?

पेशींपासून प्रयोगशाळेत वाढविलेले कोंबडीचे मांस विकण्यास सिंगापूरने २०२० साली जगात प्रथम परवानगी दिली. त्या डिसेंबरात पहिल्या पंक्तीला कंपनीने मुद्दाम १४ ते १८ वर्षांची मुले बसविली. तरुणांच्या कुतूहलाचे मोल भांडवलदार अचूक ओळखतो! पुढे २०२४ च्या मे महिन्यात तेथील दुकानात जे पाकीट आले, त्यात अशा पेशी अवघ्या ३ टक्के होत्या. बाकी मुख्यतः वनस्पतिजन्य प्रथिने.

प्राणिहत्या टळावी ही तरुणांची भावना निर्मळ आहे; तिची थट्टा मी करणार नाही. परंतु त्यांना विचारले जाते ते एवढेच, की ‘चाखाल काय?’ पेशींचे वाण आणि ते वाढविण्याची कृती पेटंटद्वारे कोणाच्या मुठीत जाते, हा प्रश्न जाहिरातीत नसतो. आपल्या युवक शिबिरात तो निघाला, तर मी ऐकावयास येईन.