महाडचें कोर्ट आणि तळ्याचा निकाल



१६७४ सालीं राज्याभिषेक झाला तेव्हां राजधानी आमच्या महाडच्या शेजारींच होती; अष्टप्रधानांतील न्यायाधीशांकडे दाद मागावयाची तर रायगड चढावा लागे. १८१८ सालीं इंग्रजी अंमल आला. १८६९ सालीं कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि मुख्य ठिकाण अलिबाग ठरलें. १९८१ सालीं जिल्ह्यास रायगड हें नांव मिळालें. कचेरी मात्र अलिबागेसच राहिली. नांव डोंगरावरचें, ठिकाण समुद्रकांठचें!

महाडच्या वांट्यास आलें तें लहानसें दिवाणी कोर्ट. अशा कोर्टांत बहुधा बांधाचे, वहिवाटीचे, देण्याघेण्याचे दावे चालावयाचे. परंतु १९२७ सालीं तेथें एक निराळाच दावा दाखल झाला.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, हा श्री. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं मंजूर केला. पुढील वर्षीं महाड नगरपालिकेनें त्यास अनुसरून ठराव केला. पण तो दप्तरांतच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें घेतलें, तेव्हां त्यांना मारहाण झाली आणि मागाहून तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली.

१२ डिसेंबरला कांहीं सवर्ण गृहस्थांनीं दावा लाविला. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. २५ डिसेंबरला परिषदेसाठीं हजारों माणसें जमलीं होतीं. तरीही हुकूम न मोडतां सत्याग्रह तहकूब ठेवण्यांत आला. हें संयमन सोपें नव्हतें.

वादींचा मुख्य आधार वहिवाटीचा : अस्पृश्यांस येथें अनादि काळापासून मज्जाव आहे. १९३१ सालीं महाडच्या कोर्टानें निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. अपील ठाण्यास गेलें. १९३३ सालीं तेंही फेटाळलें गेलें. अखेरीस १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें ठरविलें कीं, अशी अनादि वहिवाट शाबीत झालेली नाहीं. ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठीं नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. कोर्टांत तारखा पडतात; तहानेला तारीख देतां येत नाहीं.

मी पुष्कळ वर्षें मुलांकडून राज्याभिषेकाचें साल पाठ करून घेतलें. या निकालाचें साल एकदांही विचारिलें नाहीं. ती उणीव आज येथें कबूल करतों. आपण तरी घरच्या मुलांना दोन्हीं सालें सांगावीं. राजधान्या आणि कचेऱ्या हलतात. मिळालेला न्याय मात्र आठवणींत ठेवला तरच टिकतो.