धांड्याची गाडी

ज्यांचे बालपण वऱ्हाडात गेले असेल त्या श्रोत्यांना ज्वारीच्या धांड्याची गाडी आठवत असेल. कणसे खुडून झाली, कडबा शेतात आडवा पडला, की बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून मुलांचा हा कारखाना सुरू होई. धांड्याची साल सोलून काढावयाची. ती झाली खिळे आणि आस. आतील मऊ भेंडाच्या चकत्या कापावयाच्या. ती झाली चाके. धांड्याचेच दोन तुकडे धुरीसाठी. गोंद नाही, दोरा नाही, विकत आणलेली एकही वस्तू नाही. सात-आठ वर्षांचा मुलगा मेहकरच्या किंवा चिखलीच्या एखाद्या शिवारात बसून ही गाडी करी तेव्हा त्याला दोन अडचणी हमखास येत. चाकाचे भोक घट्ट झाले तर चाक फिरत नसे. सैल झाले तर ते डगडगून भेंड फाटे. तिसऱ्या-चौथ्या चाकाला त्याला मधले माप सापडे. पुढे तोच मुलगा शाळेत गेला म्हणजे घर्षणाची व्याख्या त्याच्याकडून घोकून घेतली जाई, आणि ती विसरल्याबद्दल त्याला छडी बसे. आपल्याला घर्षण ठाऊक आहे, हे त्यालाही कोणी सांगितले नाही आणि गुरुजींच्याही ध्यानात आले नाही.

हाताने वस्तू करणे, मोडणे, पुन्हा जुळविणे यास शाळेत कोणते स्थान असावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न नवा नाही. युरोपात फिनलंडने १८६६ सालीच लोकशाळांतून हस्तकाम आवश्यक केले. आपल्याकडे जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचे व आरोग्याचे उपयुक्त ज्ञान मिळावे अशी मागणी होती. याच जोतीरावांचे चरित्र १९२७ साली लिहिले ते बुलढाणा जिल्ह्यातील पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी. या विचाराचे बी तेव्हा या मातीस अपरिचित नव्हते.

परंतु मोठा प्रयोग झाला तो वर्ध्याचा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात योजना सादर केली. बुलढाणा व वर्धा हे दोन्ही जिल्हे त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात मोडत. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, आणि सर्व शिक्षणाच्या केंद्रस्थानी एखादा हस्तव्यवसाय, असे तिचे स्वरूप होते. साडेपाच तासांच्या शाळेपैकी ३ तास २० मिनिटे या व्यवसायास दिलेली होती. आजच्या पालकास हा आकडा ऐकून घेरी येईल.

टकळीवर सूत काढणे यात शिक्षण ते कोणते, असे त्या वेळी अनेक सुशिक्षितांनी हसत विचारले होते. त्याचे उत्तर एका गुंडीत आहे. खादीची गुंडी ६४० तारांची. एक तार ४ फुटांचा. म्हणजे गुंडीत सुमारे ८५३ वार सूत असते. सुताचा नंबर ठरतो तो १ पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात यावरून. आणि पौंडाचे होतात सुमारे ३९ तोळे. तेव्हा गुंडीचे वजन तोळ्यांत घ्यावे व त्याने चाळिसास भागावे, की नंबर जवळजवळ बरोबर निघतो. दोन तोळ्यांची गुंडी वीस नंबरची, चार तोळ्यांची दहा नंबरची. सूत जितके बारीक तितका नंबर मोठा आणि वजन कमी: व्यस्त प्रमाण म्हणतात ते हेच. फळ्यावर ज्यास ते आठ दिवसांत उमगत नाही, त्यास तराजूपुढे उमगण्याचा बराच संभव आहे, कारण हे सूत त्याने स्वतः काढलेले असते.

मग तो विचारील, वीस नंबरचे सूत काढू गेले तर तुटते का? कापूस आखूड धाग्याचा म्हणून. वऱ्हाडचा जुना देशी कापूस असाच होता. विलायतेच्या गिरण्यांस अमेरिकेचा लांब धागा अधिक पसंत असे. पण १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो खामगावच्या कापूसपेठेसाठीच. टकळीच्या तुटलेल्या धाग्यापासून इतिहास, भूगोल व व्यापार येथपर्यंत हा मार्ग जातो. शिक्षकास तो ठाऊक असला तर.

आणि येथेच योजनेचे घोडे अडले. विद्यार्थ्यांच्या मालातून शिक्षकाचा खर्च निघावा अशी गांधीजींची अपेक्षा होती. वर्ध्याच्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी तिला हरकत घेतली. शाळेचा माल बाजारात आला म्हणजे गरीब कारागिराच्या पोटावर पाय येईल, असे त्यांचे म्हणणे होते. माल मोजण्याच्या नादात शिक्षण मागे पडण्याचा धोका खुद्द समितीनेही ओळखला होता. हे आक्षेप खरे होते. पण त्याहून खोल कारण कोणत्याही अहवालात सापडणार नाही. ते घरोघर होते. शहरातला वकील म्हणे, खेड्यातल्या मुलांना चरखा ठीक आहे. खेड्यातला पाटील म्हणे, माझा मुलगा साहेब व्हावा म्हणून शाळेत घातला आहे, सूत काय घरी काढता येत नाही? आणि ज्याच्या पिढ्या वाकस-पटाशी धरण्यात गेल्या तो सुतार म्हणे, निदान याचे हात तरी यातून सुटोत. त्या बिचाऱ्याचे म्हणणे चुकीचे कसे म्हणावे? ज्या समाजात हाताच्या कामाबरोबर माणसाची पायरी ठरते, तेथे शाळेतील करवतही निर्मळ राहत नाही. वर्गात पटाशी सर्वांत सफाईने धरणारा मुलगा शेवटच्या बाकावर बसलेला असावा, आणि पहिल्या बाकावरील मुलाने त्याच्याकडून आपले काम करून घेऊन गुण मात्र स्वतः घ्यावे, हा अन्याय फार जुना आहे. हस्तकामाचा तास खरा असेल तर त्या एका तासापुरता शेवटचा बाक पुढे येतो.

वर्ध्याच्या चुका पाहून पुढे एका गृहस्थाने निराळी वाट धरली. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. परदेशची पदवी, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील हुद्दा. ते सर्व सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम स्थापन केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस काम करावयाचे: लोखंड-लाकूड व बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, घर व आरोग्य असे चार विभाग. मर्म यात आहे की काम खोटे नाही. फाटकास बिजागरी जोडावयाची ती कोणाच्या तरी खऱ्या फाटकास. रक्तातील हिमोग्लोबिन तपासावयाचे ते गावातल्या माणसाचे. बिजागरी वाकडी बसली तर फाटक लागत नाही, आणि ते परीक्षकाच्या आधी फाटकाचा धनी सांगतो. शिकविणारे पुष्कळदा गावातलेच कारागीर. कलबाग २००३ साली गेले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने आपल्या आवाराबाहेर ज्या अगदी पहिल्या ‘फॅब लॅब’ उभारल्या त्यांत हे लहानसे पाबळ होते.

सरकारनेही पुढे हा विषय हाती घेतला. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब या नावाने सहावी ते बारावीच्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत साह्य मिळू लागले. त्रिमितीय छपाईचे यंत्र, संवेदक, लहान संगणकपट्टिका अशी सामग्री आली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ जाऊन शिकावे असेही म्हटले आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, आणि पाहू गेल्यास दुसरी, जी जवळजवळ फुकट आहे, तीच अधिक अवघड आहे. महाग वस्तूचा एक दुर्गुण असा की ती मोडेल या भीतीने कपाटात जाते, कपाटास कुलूप लागते, आणि किल्ली सांभाळणारे रजेवर असतात. पाहुणे आले म्हणजे कपाट उघडते. ज्या वस्तूस मुलाचा हात लागून ती बिघडू शकत नाही, तिच्यापासून ते मूल फारसे शिकूही शकत नाही.

वीस लाख नसतील तेथे काय करावे? बुलढाणा जिल्ह्यापुरते उत्तर लोणारला आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काळ्या अग्निजन्य खडकात झालेले. ते ज्वालामुखीचे की अशनीपाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. १९७३ साली तेथील खडकांच्या तपासणीतून प्रचंड आघाताच्या खुणा प्रसिद्ध झाल्या आणि अशनीचा पक्ष बळकट झाला. आता एक परात घ्यावी. तीत चार बोटे चाळलेली राख दाबून भरावी, वर गेरूचा पातळ थर भुरभुरावा, आणि हातभर उंचीवरून गोटी सोडावी. खळगा पडतो, भोवती उंच कड उठते, खालची पांढरी राख लाल गेरूवर किरणांसारखी फेकली जाते. मग उंची दुप्पट करावी. खळगा दुप्पट रुंद होईल असे बहुतेक मुले पैजेवर सांगतात. तो होत नाही, थोडासाच वाढतो. पट्टीने मोजावे, वहीत मांडावे, पुन्हा गोटी सोडावी.

एखादी चौकस मुलगी यावर विचारते, परातीत गोटी सापडते, मग लोणारला तो दगड कोठे आहे? या प्रश्नासाठी सारी राख सांडली तरी चालेल. खरा अशनी इतक्या वेगाने येतो की आघाताच्या उष्णतेने तो बहुतांशी वितळून व वाफ होऊन जातो. हातातून सुटलेल्या गोटीत तो वेग नसतो. परात कोठवर खरे सांगते आणि कोठे थांबते हे कळणे, हाही धड्याचाच भाग होय. लोणारचे पाणी खारट तसेच अल्कधर्मी आहे. तो गुण घरी पाहावयाचा तर कागदास हळदीचे पाणी लावून वाळवावा व त्यावर धुण्याच्या सोड्याचा थेंब टाकावा. पिवळ्याचे लाल होते. हळदीपासून कुंकू करणाऱ्या बायांस ही रसायनविद्या शाळांच्या पुष्कळ आधीपासून अवगत होती.

शहरी घरांविषयी मात्र थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. शाळेने ‘प्रकल्प’ सांगितला की रात्री नऊ वाजता वडील दुकानात धावतात आणि थर्मोकोलचा तयार ज्वालामुखी घेऊन येतात. आई रंग देते, नाव मुलाचे. शाळेत तो फळीवर मांडला जातो, सुबक असल्यास गुणही मिळतात. तेथे वाकडीतिकडी, स्वतः केलेली पवनचक्की घेऊन आलेला मुलगा त्या दिवशी जे शिकतो ते कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नसते, आणि ते पुसून काढण्यास पुढे वर्षे लागतात. शिक्षकाने अशा वेळी एकच प्रश्न विचारावा: ‘यातले काय पहिल्यांदा मोडले?’ ज्याने वस्तू केली असेल तो थांबत नाही, दहा मिनिटे सांगत राहतो. विकत आणलेल्याजवळ उत्तर नसते.

घरात एक पत्र्याची पेटी असावी. तीत पकड, पेचकस, लहान हातोडी, करवतीचे पाते, थोडे खिळे, जुनी तार, आणि बंद पडलेले एखादे घड्याळ. मुलगी असो वा मुलगा, पेटीची किल्ली त्यांच्याकडे. बोटास एकदोनदा लागेल, चिंधी बांधावी. लाकडाचे तुकडे हवे असल्यास गल्लीच्या टोकास कोणी सुतार असतोच. मुलास एकटेच पाठवावे, आणि त्याला ‘सुतारकाका’ म्हणावयास सांगून पाठवावे. तो तुकडे तर देईलच, पण रंधा कोणत्या बाजूने चालवावा हेही दाखवील, आणि चार वाजेपर्यंत मूल परत येणार नाही.