नवा कॉम्प्युटर आला, आता त्यात काय भरायचं?

 आज वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण शेवटी एक यादी सांगणार आहे.

आपल्या गावागावांत आता कॉम्प्युटर येऊ लागलेत. कुठे ग्रामसंघाच्या कार्यालयात, कुठे एखाद्या ताईनं सुरू केलेल्या झेरॉक्सच्या दुकानात, कुठे बारावी झालेल्या लेकीसाठी घरात. तीस-चाळीस हजारांची वस्तू आहे. एवढ्या पैशांचा फ्रीज घ्यायचा तर आपण चार दुकानं फिरतो, दार उघडून बघतो, वॉरंटीचा कागद मागून घेतो. कॉम्प्युटरच्या दुकानात मात्र दुकानदार विचारतो, "ताई, सगळं टाकून देऊ ना?" आणि आपण म्हणतो, "हो दादा, टाका सगळं." आजचं बोलणं त्या 'सगळं' या शब्दाबद्दल आहे.

कॉम्प्युटर नुसता आणला तर तो रिकाम्या स्वयंपाकघरासारखा असतो. ओटा आहे, पण तवा नाही, पातेलं नाही. हे तवा-पातेलं म्हणजे सॉफ्टवेअर. पत्र लिहायला एक, हिशेब मांडायला एक, इंटरनेट बघायला एक. आणि या सगळ्यांच्या खाली, घराच्या जोत्यासारखं एक मोठं सॉफ्टवेअर असतं. बहुतेक ठिकाणी ते विंडोज असतं.

आता दुकानदाराचं 'सगळं' म्हणजे काय, ते बघू. पुष्कळदा त्याच्याकडे एक पेन ड्राइव्ह असतो. त्यात विंडोजची, ऑफिसची, फोटोच्या सॉफ्टवेअरची नकली प्रत असते आणि तिचं कुलूप तोडणारी एक छोटी फाइलही असते. ही फाइल चालवताना तो आधी कॉम्प्युटरचं व्हायरसपासूनचं संरक्षण बंद करतो. हे लक्षात ठेवा. कुणी तुमच्यासमोर संरक्षण बंद करून काही टाकत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. राखणदाराला बाहेर पाठवून घरात पाहुणा घेण्यातला हा प्रकार आहे. त्या फाइलबरोबर आणखी काय आत आलं, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. कधी पासवर्ड चोरणारं काही असतं, कधी सगळ्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं असतं. शिवाय प्रत नकली आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरणं हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, कलम ६३ब. आपला गट नोंदणीकृत, आपल्या दुकानाला परवाना. आपल्याला हे कशाला हवं?

म्हणून दुकानातच तीन गोष्टी करा. पहिली, बिलावर 'विंडोज परवान्यासह' असं लिहून घ्या. दुसरी, ऑफिस दिलं असेल तर विचारा, हे कायमचं आहे की महिनाभराच्या चाचणीपुरतं? चाचणीचं असेल तर महिन्यानं ते पैसे मागतं आणि आपण ऐन बैठकीच्या दिवशी अडतो. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. नवा विंडोज सुरू करताना ईमेल मागतो. दुकानदार घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो. तसं करू देऊ नका. आजकालच्या अनेक लॅपटॉपमधली माहिती आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा, त्या ईमेलच्या खात्यात जमा होतो. उद्या मशीन बिघडलं, कॉम्प्युटरनं किल्ली मागितली आणि दुकानदार गाव सोडून गेलेला असला, तर आपलीच माहिती आपल्याला उघडता येत नाही. गटाच्या नावानं वेगळा ईमेल काढा. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा. अध्यक्ष आणि सचिव दोघींना तो ठाऊक हवा.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे अपडेट. इंटरनेट जोडा, सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज अपडेट चालवा. तास-दोन तास लागतील, लागू द्या. अपडेट म्हणजे कंपनीनं सापडलेली भोकं बुजवणं. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसनं दीडशेच्या आसपास देशांतले कॉम्प्युटर अडवले, प्रत्येकी तीनशे डॉलर मागितले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना पेशंट परत पाठवावे लागले. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. नकली विंडोजवाले अनेक जण अपडेट बंद करून ठेवतात, हाही त्यातला धोका.

एका श्रोत्या ताईंनी विचारलं होतं, जुना कॉम्प्युटर स्वस्तात मिळतोय, घेऊ का? ताई, त्यात विंडोज १० असेल तर सांभाळून. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं त्याची नेहमीची अपडेट बंद केली. त्या मशीनवर विंडोज ११ चालेल का, हे विचारून घ्या. चालत नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून मिळतंय का बघा. ती मोफत आहेत आणि जुन्या मशीनवरही बरी चालतात. केरळातल्या सरकारी शाळांमधली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकताहेत. तेव्हा ते काही फार अवघड नाही.

आता मराठीकडे येऊ. आपला सगळा कारभार मराठीत, तर कॉम्प्युटरही मराठी लिहिणारा हवा. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषेचा भाग आहे, तिथे मराठी जोडायची. मग दोन कीबोर्ड मिळतात. 'मराठी फोनेटिक'मध्ये इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटतं, साधारण मोबाइलवर आपण लिहितो तसं. दुसरा इनस्क्रिप्ट. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. शिकायला थोडे दिवस जातात, पण एकदा बोटं बसली की वेग येतो. विंडोजचं बटण आणि स्पेस बार एकत्र दाबलं की मराठी-इंग्रजी बदलतं.

दुकानात कुणी म्हणेल, "जुने मराठी फॉन्ट टाकून देतो, टायपिंगवाल्यांना तेच लागतात." नको म्हणा. त्या जुन्या फॉन्टात लिहिलेलं पत्र, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. तुम्ही ठराव लिहिला, बँकेत पाठवला आणि तिकडे साहेबांना वाचताच येत नाही. आपल्याला हवं ते युनिकोड. विंडोजमधला मंगल फॉन्ट युनिकोडच आहे. युनिकोडमध्ये लिहिलेलं मोबाइलवर, बँकेत, तालुक्याला, सगळीकडे वाचता येतं.

पुढचं सॉफ्टवेअर पत्र आणि हिशेबासाठी. याचं नाव लिहून घ्या, लिबरऑफिस. ते मोफत आहे आणि कायद्यानं मोफत आहे. त्यात पत्र लिहायला रायटर आहे, हिशेबाला कॅल्क, सभेत पडद्यावर दाखवायला इम्प्रेस. त्याचे मेनू मराठीतही करता येतात. साडेतीनशे एमबीच्या आसपास डाउनलोड आहे. एकदा तालुक्याच्या गावी चांगल्या नेटवर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये आणलं तरी चालतं. पुढे वापरायला इंटरनेट लागत नाही.

तुम्ही म्हणाल, फुकट कोण देतं? काहीतरी डाव असेल. मैत्रिणींनो, आपल्याकडे सावड असते ना? आज तुझ्या शेतात लावणी, उद्या माझ्या. हे काम तसं चालतं. जगभरचे लोक थोडं थोडं काम करतात, कुणी पदरमोड करून, कुणी आपल्या कंपनीच्या पगारावर, आणि सगळे मिळून वापरतात. लिबरऑफिस २०१०पासून असंच वाढलं. व्हिडिओ बघायला लागणारं व्हीएलसी हे फ्रान्समधल्या कॉलेजच्या पोरांच्या प्रकल्पातून आलं. म्हणजे फुकट दोन प्रकारचं असतं. एक मालकानं राजीखुशीनं दिलेलं, दुसरं चोरून आणलेलं. आपण पहिलं घ्यायचं.

कॅल्कबद्दल थोडं जास्त सांगते, कारण गटाचा जीव हिशेबात आहे. पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि पाचवं नियमित लेखे. बँक कर्ज देताना हे पाचवं सूत्र आधी बघते. कॅल्कमध्ये प्रत्येक सदस्येची एक ओळ करा. पुढे रकाने करा: मागची शिल्लक, या महिन्याची बचत, कर्ज, परत आलेलं मुद्दल, व्याज, दंड. बेरजेचं सूत्र एकदा घातलं की दर महिन्याला बेरीज आपोआप होते आणि रात्री दहा वाजता तीन रुपये शोधत बसावं लागत नाही. पण कागदी वही बंद करू नका. वहीवर सह्या असतात, अंगठे असतात. सभेत भांडण झालं तर वहीच उघडली जाते. बँकेला किंवा पंचायतीला काही पाठवायचं असेल तर लिबरऑफिसमधूनच त्याची पीडीएफ करा, म्हणजे वाटेत आकडे सहजासहजी बदलत नाहीत.

इंटरनेट बघायला विंडोजमध्ये एज असतंच. फायरफॉक्स किंवा क्रोम टाकलंत तरी चालेल. पीडीएफही त्यातच उघडते, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. एक पथ्य मात्र पाळा. चार जणी हाताळतात त्या कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड 'सेव्ह करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा. काम झालं की व्हॉट्सॲपमधूनही बाहेर पडा.

आता व्हायरसचं बघू. विंडोजमध्ये स्वतःचा राखणदार असतो, त्याचं नाव डिफेंडर. अपडेट चालू असतील तर आपल्या कामाला तो पुरतो. पैसे देऊन दुसरा अँटिव्हायरस घ्यायचा असेल तर घ्या, पण एका वेळी एकच. दोन ठेवले तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन मंद होतं.

काय टाकायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. 'तुमचा कॉम्प्युटर हळू झालाय, हे टाका' म्हणणारी सफाईची सॉफ्टवेअर नकोत. मोफत सिनेमा, मोफत गेमच्या जाहिराती नकोत. आणि दुरून कुणालाही आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप, अनोळखी माणसानं फोनवर सांगितलं म्हणून कधीच टाकायचं नाही. बँकेचा माणूस असं काही टाकायला सांगत नाही. सांगणारा चोर असतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर कराल, तितकी ती रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

सॉफ्टवेअर उतरवताना ते मूळ ठिकाणाहूनच घ्या. शोधलं की वर जाहिराती येतात, त्यात नकली ठिकाणं असतात. पत्ता स्वतः टाइप करा. लिबरऑफिस डॉट ओआरजी, व्हीएलसीसाठी व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत सुटू नका. प्रत्येक पान वाचा, समजलं नाही तर लेकीला वाचायला लावा.

मुलं त्याच मशीनवर अभ्यास करणार असतील तर त्यांचं खातं वेगळं करा. नवं सॉफ्टवेअर टाकायला पासवर्ड लागेल अशी सोय त्यात होते. म्हणजे गेम टाकायचा तर पोरगं आधी आपल्याकडे येईल.

आणि शेवटचं. हे सगळं नीट केलं तरी हार्ड डिस्क एक दिवस बंद पडू शकते, वीज कडाडते, लॅपटॉप चोरीला जातो. म्हणून दर बैठकीनंतर हिशेबाची फाइल दोन पेन ड्राइव्हवर उतरवा. एक कार्यालयात, दुसरा दुसऱ्या सदस्येच्या घरी. उतरवून झालं की पेन ड्राइव्ह काढून ठेवा. लावून ठेवला तर व्हायरस त्यालाही धरतो. दोन-तीन महिन्यांनी एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखी.

आता वहीत यादी घ्या. एक, बिलावर विंडोजचा परवाना आणि ईमेल आपला. दोन, अपडेट. तीन, मराठी युनिकोड कीबोर्ड. चार, लिबरऑफिस. पाच, एक ब्राउझर. सहा, व्हीएलसी. सात, डिफेंडर चालू आहे ना, याची खात्री. आठ, दोन पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हचे काय ते पैसे जातील, बाकी कशालाही वेगळे पैसे नाहीत.

ही यादी घेऊन दुकानात जा. तो म्हणाला, "ताई, सगळं टाकून देऊ?" तर सांगा, "दादा, एवढंच टाका, आणि मी शेजारी बसते." तो टाकेल. गिऱ्हाईक आपण आहोत.

काही अडलं तर केंद्रावर फोन करा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.