परिषदेला कशासाठी जायचे?

(माधवनगर येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



सैद्धांतिक मूलकण भौतिकीच्या परिषदेत काय चालते, ते सोप्या भाषेत सांगा, असा हुकूम मला झाला आहे. विषयाचे नाव पुकारले तेव्हा मागच्या रांगेतील दोघातिघा बुजुर्गांनी एकमेकांकडे पाहिले, ते माझ्या नजरेतून सुटले नाही. कापडाच्या किंवा हळदीच्या भावावर बोलणारा कोणी आणला असता तर बरे झाले असते, असे त्यांना वाटले असल्यास त्यात गैर काही नाही. परंतु पुढच्या चार रांगांत अकरावी-बारावी विज्ञानाची मुले बसली आहेत आणि त्यांत मुलींची संख्या जास्त आहे. माझे बोलणे मुख्यतः त्यांच्याशी आणि त्यांच्या अम्मी-अब्बांशी आहे.

प्रथम विषय काय तो पाहू. अणूच्या पोटात अणुगर्भ, अणुगर्भात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, आणि त्यांच्याही पोटात क्वार्क, एवढे तुमच्या पुस्तकात येते. हे कण एकमेकांशी कोणत्या बलांनी बांधले जातात, त्यांना वस्तुमान कोठून मिळते, या प्रश्नांचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे मूलकण भौतिकी. यात दोन प्रकारची माणसे असतात. काही जण यंत्रे उभारून मोजमाप करतात, तर काही जण कागद-पेन्सिल घेऊन गणित मांडतात. या दुसऱ्यांना सैद्धांतिक म्हणावयाचे. त्यांना ना प्रयोगशाळा लागते, ना महागडे उपकरण. मग पालक विचारतील की, कागद-पेन्सिल तर माधवनगरातही मिळते; त्यासाठी मुंबई-बंगलोरच्या परिषदांना जाण्याचे काय कारण?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यातून देतो.

प्रा. अब्दुस सलाम यांचा जन्म १९२६ सालचा. पंजाबातील झंग या लहानशा गावात ते वाढले. वडील शिक्षण खात्यात साधे नोकर. मुलगा मॅट्रिकला पंजाब विद्यापीठात पहिला आला आणि १९४६ साली शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेला. तेथे त्याने असे काम केले की, विशीतच त्याचे नाव जगभरच्या सिद्धांतकारांना माहीत झाले. १९५१ मध्ये सलाम आपल्या लोकांत परत आले आणि लाहोरच्या सरकारी कॉलेजात शिकवू लागले. तेथे त्यांना सांगण्यात आले की, संशोधन विसरा. फावल्या वेळात वसतिगृह सांभाळा, हिशेब पाहा किंवा फुटबॉलचा संघ घ्या. सलामसाहेबांनी फुटबॉल पत्करला! (हसण्यासारखे आहे खरे, परंतु आपल्याकडे आजही हुशार मास्तरांना कोणकोणती कामे लावतात ते आठवा, म्हणजे हसू जरा आवरेल.)

याच काळात वुल्फगांग पाउली हे नोबेल विजेते शास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले होते. त्यांनी सलामना भेटीला बोलावले. सलाम निघाले आणि मुंबईला पोहोचले. आपल्या विषयावर बोलू शकेल असे माणूस शेकडो मैलांत नसताना ते मुंबईत आले आहे, एवढे कारण त्यांना पुरेसे होते. परत गेल्यावर, परवानगी न घेता गेलात, म्हणून त्यांच्यावर ठपका आला. लाहोरात त्यांच्याजवळ कागद होता, पेन्सिल होती, बुद्धी तर होतीच. नव्हता तो "तुमची ही पायरी चुकली" असे म्हणणारा सोबती. नवे शोधनिबंध तेथे पोहोचेपर्यंत जुने होऊन जात. अखेर १९५४ मध्ये ते केंब्रिजला परतले. आपला मुलूख की आपले शास्त्र, यांपैकी एक सोडावे लागले याचे शल्य त्यांना जन्मभर राहिले.

पुढे १९७९ साली ग्लॅशो आणि वाइनबर्ग यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून मोठे वाटते ते त्यांनी १९६४ साली इटलीतील ट्रिएस्ट येथे उभारलेले आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र. गरीब देशांतल्या शास्त्रज्ञाने आपल्या देशातच राहून काम करावे, मात्र अधूनमधून येथे येऊन काही आठवडे बरोबरीच्या माणसांत बसावे, नवे ऐकावे, आपले सांगावे आणि परत जावे, अशी ती व्यवस्था. आज त्या केंद्राला त्यांचेच नाव आहे. लाहोरात जे आपल्याला मिळाले नाही, ते त्यांनी दुसऱ्यांसाठी तयार करून ठेवले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. ट्रिएस्टच्या आधी, १९५० च्या डिसेंबरातच, डॉ. होमी भाभा यांनी मुंबईत मूलकणांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली होती. टाटा संस्थेची कुलाब्याची भव्य इमारत तेव्हा नव्हती. गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात संस्था नांदत होती. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे झालेली, रेशनिंगचे दिवस, आणि हे गृहस्थ मूलकणांवर जगातील पंडित जमवतात! उधळपट्टी म्हणणारे तेव्हाही असतील. मला तरी ती उधळपट्टी वाटत नाही. त्याच परंपरेत २००१ च्या जानेवारीत मुंबईत 'स्ट्रिंग्ज' ही परिषद झाली आणि चाकाच्या खुर्चीतील स्टीफन हॉकिंग तिला हजर राहिले.

मी सांगणार आहे ती परिषद २०११ ची. लेप्टॉन-फोटॉन नावाची ही परिषद दर दोन वर्षांनी जगात कोठे ना कोठे भरते. ती २२ ते २७ ऑगस्ट २०११ या काळात टाटा संस्थेत भरली आणि मला सभागृहात मागे बसण्याची संधी मिळाली. सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालो, सकाळी मुंबईत. रमजानचे दिवस होते. चहाच्या सुटीत सर्वांच्या हातांत कप-बश्या आणि माझे हात रिकामे. त्यामुळे ऐकायला दोन्ही कान मोकळे राहिले, हा फायदाच म्हणायचा.

त्या वेळी साऱ्यांचे लक्ष एका कणावर लागले होते. सलाम आणि वाइनबर्ग यांच्या सिद्धांताचे सर्व भाग प्रयोगांनी खरे ठरवले होते, एक सोडून. कणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राची कल्पना पीटर हिग्ज आणि इतर काही जणांनी १९६४ साली मांडली होती. त्या क्षेत्राचा कण, हिग्ज बोसॉन, मात्र कोणालाच दिसला नव्हता. जिनिव्हाजवळ सर्न येथे जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून त्याचा शोध चालू होता. तेथील सीएमएस या अवाढव्य उपकरणाच्या बांधणीत टाटा संस्थेसह भारतीय संस्थांचा हात आहे, हे सांगून ठेवतो.

शोध कसा चालतो? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची थप्पी तुम्ही पाहिली आहे. समजा, त्यांतल्या एका पोत्यात अम्मीची कानातली कुडी पडली. कोणत्या, ते माहीत नाही. मग एकेक पोते उपसायचे आणि "यात नाही" अशी खूण करायची. हिग्जचे वस्तुमान किती, हे सिद्धांत सांगत नव्हता. म्हणून शास्त्रज्ञ वस्तुमानाचे एकेक पोते उपसत होते. परिषदेच्या पहिल्याच दिवशी अ‍ॅटलास आणि सीएमएस या दोन्ही गटांनी आपले आकडे मांडले. १४५ ते ४६६ जीईव्ही या टापूतील बहुतेक पोत्यांत कुडी नाही, असे ते ९५ टक्के खात्रीने सांगत होते. (प्रोटॉनचे वस्तुमान एक जीईव्हीच्या किंचित खाली, हे माप ध्यानात ठेवा.) महिन्यापूर्वी युरोपातील परिषदेत आलेखावर एक उंचवटा दिसला होता व त्यावरून पुष्कळांच्या आशा पालवल्या होत्या. अधिक आकडे मिळवल्यावर तो उंचवटा मुंबईत थोडा खाली बसला.

त्या सकाळचा माझ्यावर जो ठसा उमटला तो याचा. ज्यांनी आयुष्याची वीस-वीस वर्षे त्या यंत्रात घातली, तेच उभे राहून सांगत होते की, आम्हांला दिसले असे वाटत होते ते कमी झाले आहे. कोणी आवाज चढवला नाही, कोणी लपवले नाही. श्रोत्यांतून प्रश्न आले, तेही नेमके: ही चूक-मर्यादा कशी काढलीत, ही पार्श्वभूमी कशी वजा केलीत. चहाच्या सुटीत तर खरी परिषद! पांढऱ्या केसांचे प्राध्यापक भिंतीला टेकून उभे, समोर पंचविशीतला विद्यार्थी वहीच्या पाठीमागे समीकरण लिहून त्यांना समजावतो आहे, आणि ते "पुन्हा सांग" म्हणताहेत.

पुढचे तुम्हांला माहीत आहे. उरलेल्या पोत्यांपैकी एकात, १२५ जीईव्हीच्या आसपास, कुडी सापडली. ४ जुलै २०१२ रोजी सर्नने ते जाहीर केले. नुसत्या योगायोगाने असा उंचवटा दिसण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक इतकी खाली आल्यावरच "सापडला" हा शब्द वापरला गेला.

भाषेचे एक सांगतो, कारण मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांच्या मनात तीच धास्ती असते. त्या सभागृहात जपानी, इटालियन, रशियन, कोरियन अशी माणसे होती आणि प्रत्येकाची इंग्रजी आपापल्या गावची होती. क्रियापदे चुकत होती. समीकरण चुकले तर मात्र लगेच हात वर होत होता! तेव्हा व्याकरणाला भिऊन प्रश्न गिळू नका.

मुलींच्या पालकांना मी एक नाव सांगतो: डॉ. रोहिणी गोडबोले. पुण्याच्या मराठी घरातली मुलगी, हुजूरपागेत शिकली, स. प. महाविद्यालयातून पदवी, मुंबईच्या आयआयटीतून एम.एस्सी. आणि १९७९ मध्ये अमेरिकेतून मूलकण भौतिकीत डॉक्टरेट. परत येऊन त्यांनी मुंबई विद्यापीठात शिकवले, पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केले. प्रकाशकण अतिशय वेगाने आदळले असता काय होते, यावरचे त्यांचे काम जगभर वापरले जाते. भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचे 'लीलावतीज् डॉटर्स' हे पुस्तक त्यांनी सहसंपादित केले, तेही आपल्या ग्रंथालयात असावे अशी माझी संस्थेला विनंती आहे. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. पुण्याहून माधवनगर काही फार दूर नाही, त्याच रेल्वेवर आहे.

आता खर्चाचे आणि धोक्याचे. मी गोड बोलणार नाही. सैद्धांतिक भौतिकीत कायम नोकऱ्या थोड्या आहेत. या वाटेने जाणारा प्रत्येक जण प्राध्यापक होत नाही. पुष्कळ जण पुढे संगणक, बँका, हवामान, अध्यापन अशा क्षेत्रांत जातात, आणि तेथे त्यांचे गणित वाया जात नाही. पैशाविषयी मात्र गैरसमज फार आहे. पीएच.डी. म्हणजे घरून पैसे पुरवणे असे अनेक अब्बांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. २०२३ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून निवडलेल्या कनिष्ठ संशोधकाला दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन मिळते. टाटा संस्थेत उन्हाळ्यात पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा कार्यक्रम असतो, बी.एस्सी.च्या मुलांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शिबिरे होतात. निवड झाली तर राहण्याची सोय तेथेच होते.

"मुलीला एकटीला कसे पाठवायचे?" असे मला दर वर्षी कोणी तरी अम्मी विचारते. पहिल्या वेळी तुम्हीच सोबत जा. वसतिगृह पाहा, तिच्या मार्गदर्शकांना भेटा, खानावळीत जेवा, समुद्र पाहा आणि परत या. गावातली लग्ने-दावतींसाठी आपण मुंबईला जातोच की! बारावीत भौतिकीत पहिल्या आलेल्या मुलीचे नाव घरच्यांनी केवळ या एका भीतीपोटी विज्ञानातून काढल्याची उदाहरणे मी या भागात पाहिली आहेत. ती नावे येथे घेणार नाही. त्यांचे भाऊ आज या सभागृहात बसले आहेत.

या शिबिरांचे अर्ज संगणकावर भरायचे असतात. शिक्षकांच्या शिफारसपत्राला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावत येऊ नका. ज्यांना अर्ज भरायचे आहेत त्यांनी गुणपत्रिकेच्या प्रती घेऊन यावे. समारंभ संपल्यावर मी वाचनालयाच्या खोलीत बसणार आहे. पालकांनीही यावे. आणि मघाशी मागच्या रांगेतून जे चाचा हळू आवाजात काही तरी विचारत होते, त्यांचा प्रश्न मी पहिल्यांदा घेईन.